ज्यूरीचे बोलावणे आणि कामरगावचा असेसर

माझा एक बालमित्र मूळचा वाशिम जिल्ह्यातील, कारंजा तालुक्यातल्या कामरगावचा. शिक्षण, नोकरी, स्थलांतर या नेहमीच्या वाटेने तो अमेरिकेत गेला आणि पुढे तिथला नागरिक झाला. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या टपालपेटीत न्यायालयाचे एक पत्र येऊन पडले. त्याची पहिली प्रतिक्रिया भीतीची होती. आपल्याकडे ‘कोर्टाचा कागद’ घरात आला की बाई-माणूस चूल सोडून बाहेर येते आणि म्हातारी माणसे देवाचे नाव घेतात. तो संस्कार समुद्र ओलांडल्याने पुसला जात नाही. पत्र दोनदा वाचल्यावर त्याला उमगले की आपण आरोपी नाही, वादी नाही आणि साक्षीदारही नाही. आपल्याला ज्यूरीच्या कामासाठी हजर राहायचे आहे.

ठरल्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. एका मोठ्या दालनात शंभरेक अनोळखी माणसांबरोबर दिवसभर बसला. नाव पुकारले जाईल म्हणून वाट पाहत राहिला, आणि दुपारनंतर ‘तुमची गरज नाही, आभारी आहोत’ एवढे ऐकून घरी परतला. रात्री फोनवर तो जरा हिरमुसलेला होता. बोलता बोलता त्याने आपल्या मूळच्या वऱ्हाडीत विचारले, ‘‘आपल्या गावच्या मानसाले कधी कोनं असं इचारलं होतं का रे, का बाबा, हा मानूस गुन्हेगार हाय का नाई, तुले काय वाटते?’’

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर शोधू गेलो तेव्हा ते तितके साधे राहिले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

मराठी वाचकाच्या मनात ‘ज्यूरी’ या शब्दाबरोबर सहसा दोनच खटले उभे राहतात. एक लोकमान्य टिळकांचा, दुसरा नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांचा. दोन्ही मुंबईचे आहेत. या दोन शिखरांमधल्या सखल प्रदेशात, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या सेशन्स कोर्टांत, सामान्य माणसाचा न्यायदानाशी काय संबंध होता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कामरगावचे उत्तर नेमके त्या सखल प्रदेशात दडलेले आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. न्याय करताना चार माणसांना विचारावे, ही गोष्ट इंग्रजांनी येथे प्रथम आणली असे नाही. मराठेशाहीत वतनाचे, हद्दीचे, वडीलकीचे तंटे गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन आणि बलुतेदार अशी मंडळी जमत, उभय पक्षांचे म्हणणे ऐकत, आणि निवाड्याचा महजर तयार होई. त्यावर जमलेल्यांची नावे पडत. ज्याला अक्षरओळख नाही त्याची निशाणी पडे. पाटलाच्या नावापुढे उमटलेली नांगराची निशाणी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आपल्या १८१९ च्या अहवालात या पंचायतीचे गुणदोष नोंदवले आणि दिवाणी तंट्यांत ती टिकवून धरण्याचा प्रयत्नही केला. पण गोतसभा आणि ज्यूरी एक नव्हेत. गोतसभेत माणूस बसे तो आपल्या वतनाच्या, जातीच्या आणि स्थानाच्या नात्याने. ज्यूरीत तो बसावा अशी अपेक्षा आहे ती केवळ एक नागरिक म्हणून, आरोपीशी कसलाही संबंध नसलेला परका म्हणून. पहिल्या पद्धतीत ओळख हे भांडवल होते, दुसरीत तीच अडचण ठरते.

मुंबईत ज्यूरी आली ती इंग्रजांच्या राजाच्या न्यायालयाबरोबर, आणि प्रथम ती त्यांची त्यांच्यापुरतीच होती. १८२६ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांतील हिंदी रहिवाशांना ज्यूरीत बसण्याची मुभा मिळाली, परंतु तीही अर्धवट. ग्रँड ज्यूरीत फक्त ख्रिस्ती असावेत आणि ख्रिस्ती आरोपीचा न्यायही फक्त ख्रिस्ती ज्यूरीने करावा, अशी त्यात अट होती. म्हणजे ख्रिस्ती माणसाने हिंदूचा अथवा मुसलमानाचा न्याय करण्यास हरकत नव्हती. उलट मात्र चालणार नव्हते. याविरुद्ध राममोहन रॉय यांनी आवाज उठवला, मुंबईतूनही अर्ज गेले, आणि १८३२ च्या कायद्याने हे निर्बंध दूर झाले. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील जगन्नाथ शंकरशेट यांच्या कार्याचा जो आढावा घेतला जातो त्यात ग्रँड ज्यूरीत आणि जस्टिस ऑफ द पीस या पदावर हिंदी लोकांना प्रवेश मिळवून देण्याच्या खटपटीचा उल्लेख हटकून येतो. आज आपल्याला ज्यूरीचे काम म्हणजे एक कटकट वाटण्याचा संभव आहे. त्या पिढीला ते मानाचे, किंबहुना माणूस म्हणून गणले जाण्याचे चिन्ह वाटत होते. विश्वास कोणावर ठेवायचा, हा त्यातला खरा प्रश्न होता, आणि पुढील शंभर वर्षे तोच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत परत येत राहिला.

तो सर्वांत उघड झाला टिळकांच्या दोन खटल्यांत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे खटले राजकीय इतिहासाचा भाग म्हणून वाचलेले असतात. ते वाचनाच्या इतिहासाचाही भाग आहेत, असे मला सुचवायचे आहे.

१८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे जो मजकूर होता त्यात १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील शिवाजी उत्सवाच्या व्याख्यानांचा वृत्तांत होता आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती. महाराज पुन्हा अवतरून आजची स्थिती पाहतात आणि बोलतात, ही त्या कवितेची कल्पना. कवितेतला वक्ता कोण, त्याचे बोलणे कवीचे मानायचे का, संपादकाचे मानायचे का, भूतकाळाचे वर्णन वर्तमानावर कितपत लागू करायचे, हे सारे प्रश्न आपण वर्गात फळ्यावर लिहून चर्चेला घेतो. येथे त्यांच्या उत्तरावर एका माणसाचे तुरुंगात जाणे अवलंबून होते. ज्यूरीत नऊ जण होते : सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि सहा जणांचे मत दोषी असे पडले. हायकोर्टात नवांपैकी सहांचे मत जुळले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले म्हणजे शिक्षा देता येत असे. नेमके तेवढेच मत मिळाले. ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगितला होता. कायद्यातील एका शब्दाचा तो विस्तार एवढा वादग्रस्त ठरला की पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारला राजद्रोहाच्या कलमाची शब्दरचना बदलावी लागली. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१९०८ चा खटला याहून बोलका आहे. ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे १९०८) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) या दोन लेखांवर हा खटला उभा होता. सरकारपक्षाने खास ज्यूरी मागितली, तेव्हा टिळकांच्या वतीने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी तिला विरोध केला. खास ज्यूरीच्या यादीत युरोपियनांचे प्राबल्य असल्याने, ज्यांना मराठी येत नाही अशांपुढे मराठी लेखांचा न्याय होईल, हा त्यांच्या युक्तिवादातील एक मुख्य मुद्दा होता. न्यायमूर्ती दावर यांनी तो मानला नाही. हेच दिनशा दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी आले. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली; त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. मूळ लेख मराठी, पुढ्यातला मजकूर हायकोर्टाच्या भाषांतरकाराचा. त्यामुळे त्या बचावाचा मोठा भाग अमुक मराठी शब्दाला अमुक इंग्रजी शब्द योग्य आहे की नाही, याच्या चर्चेत गेला. भाषांतरासंबंधी साक्षीदाराची उलटतपासणीही झाली.

यातील अडचण समजून घेण्यासाठी एक शब्द घेऊ. ‘जुलूम’ हा शब्द मराठीत राजाच्या अत्याचारालाही लागतो, आणि यजमानाने चौथी पोळी वाढली की ‘काय हा जुलूम!’ असेही आपण हसत म्हणतो. वाक्य कोणाचे आहे, कोणाला उद्देशून आहे, स्वर कोणता आहे, यावर त्याचे वजन ठरते. कोशात पाहून त्याला एकच इंग्रजी प्रतिशब्द दिला की तो स्वर नाहीसा होतो आणि वजन मात्र दगडासारखे एकाच जागी बसते. ज्याच्या कानात ती भाषा नाही त्याला हे समजावून सांगायला एकवीस तासही पुरत नाहीत.

२२ जुलै १९०८ च्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन. सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोघा पारशांनी नाही म्हटले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. ज्यूरीने काहीही ठरवले तरी आपण निर्दोषच आहोत आणि जगाचे नियंत्रण करणाऱ्या शक्ती या न्यायालयाहून श्रेष्ठ आहेत, या आशयाचे त्यांचे उद्गार सर्वांना ठाऊक आहेत. त्यांतील ‘ज्यूरी’ हा शब्द आपण बहुधा घाईने ओलांडतो. टिळक न्यायाधीशाला उद्देशून बोलत होते, पण ज्यांचा निकाल ते नाकारत होते ते नऊ सामान्य नागरिक होते. कायद्याच्या कल्पनेप्रमाणे ते त्यांचे बरोबरीचे. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांना आरोपीचे एक वाक्यही मुळातून वाचता येत नव्हते.

या खटल्याचे अपील इंग्लंडातील प्रीव्ही कौन्सिलपर्यंत नेण्याच्या खटपटीसाठी त्याच वर्षी जे गृहस्थ लंडनला गेले ते वऱ्हाडचे होते : अमरावतीचे वकील, टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे. त्यांच्या निमित्ताने आपणही मुंबई सोडून वऱ्हाडकडे वळू.

वऱ्हाडची स्थिती चमत्कारिक होती. १८५३ च्या तहाने निजामाने तो प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला. १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला. तरीही नावापुरते स्वामित्व निजामाचेच होते. त्यामुळे इंग्रजी मुलखाचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, ते स्वतंत्र हुकमांनी लागू केले जात. फौजदारी प्रक्रियेची संहिताही अशीच आली. १८९८ च्या त्या संहितेत सेशन्स कोर्टातील खटल्यांसाठी दोन मार्ग होते. प्रांतिक सरकारने ज्या जिल्ह्यांसाठी आणि ज्या गुन्ह्यांसाठी जाहीर केले असेल तेथे ज्यूरी, अन्यत्र असेसर. मुंबई, पुणे यांसारख्या ठिकाणी लोकांना ज्यूरी ठाऊक झाली. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांच्या वाट्याला मुख्यतः असेसर आला.

असेसर म्हणजे न्यायाधीशाशेजारी बसून खटला ऐकणारा आणि शेवटी आपले मत सांगणारा नागरिक. एकवीस ते साठ वर्षे वयाचे सर्व पुरुष ज्यूरर किंवा असेसर म्हणून बोलावले जाण्यास पात्र, असे संहिता सांगे. ‘पुरुष’ हा शब्द कायद्यातच होता. पोलीस, सैनिक, वकील, धर्मकृत्ये चालवणारे पुरोहित अशांना त्यातून सूट होती. सेशन्स जज्ज आणि कलेक्टर मिळून यादी तयार करत. तीत नाव, गाव आणि धंदा लिहिलेला असे. यादी लोकांना पाहता यावी म्हणून लावली जाई, हरकती ऐकल्या जात. समन्स आल्यावर सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणाऱ्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. त्या काळच्या शंभर रुपयांत काय काय येत होते, हे ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत त्यांनी पाहावे.

आता कामरगावच्या अशा एखाद्या गृहस्थाचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणू. नाव मुद्दाम देत नाही. तो कल्पनेतला आहे, त्याच्याभोवतीची चौकट मात्र कायद्यातली आहे. चपराशाने आणलेला कागद पाहून त्याच्याही घरात प्रथम घबराट झाली असेल. कोणीतरी इंग्रजी चार इयत्ता शिकलेल्याने तो वाचून दाखवल्यावर घबराटीची जागा ऐटीने घेतली असेल. कापूस वेचणीला आला असताना चार दिवस वावर सोडून जायचे म्हणून तो कुरकुरलाही असेल. मग बंडीने मूर्तिजापूर, तिथून आगगाडीने अकोला किंवा अमरावती. ठेवणीतले धोतर, पागोटे, पिशवीत बांधून घेतलेल्या भाकरी. कोर्टाच्या आवारात पोचल्यावर पट्टेवाल्याने आरोपींच्या नातेवाइकांच्या रांगेत ढकलू नये म्हणून समन्स हातात उघडेच धरलेले. आणि मग, आयुष्यात प्रथमच, कोर्टात उभे राहण्याऐवजी बसायला मिळालेली खुर्ची.

खटला बहुधा खुनाचा. धुऱ्यावरून सुरू झालेली कुरबुर, मग शिवीगाळ, मग कुऱ्हाड. साक्षीदार वऱ्हाडीत बोलतो. ‘त्यानं धुरा कोरला’ असे तो म्हणतो, तेव्हा कामरगावच्या माणसाला त्याचा पूर्ण अर्थ एका क्षणात कळतो : दर वर्षी नांगर एक तास पलीकडे सरकवायचा, दहा वर्षांत शेजाऱ्याचे पट्टाभर वावर आपले करायचे, आणि वर आपणच कांगावा करायचा. ‘त्याले सांगून राह्यलो होतो’ यातली ‘राह्यलो’ची चिकाटी त्याला ऐकू येते, सांगणारा एकदा सांगून थांबलेला नाही, तो सांगतच होता. साक्षीदार कोठे अडखळला, कोठे पाठ केलेले बोलला, कोठे जमीनदाराच्या भीतीने गप्प झाला, हे त्याला कळते. न्यायाधीश परप्रांतीय किंवा साहेब असेल तर त्याच्या टिपणात हे सारे इंग्रजीच्या एका ओळीत येते. धुऱ्याची हद्द होते आणि कोरण्याचे अतिक्रमण. चुकीचे काही नाही, पण उरले ते सांगाडे.

शेवटी न्यायाधीश विचारतो, तुमचे मत काय? असेसर तोंडी मत देतो, प्रत्येक जण वेगळे. ते लिहून घेतले जाते. आणि संहितेचे ३०९ वे कलम सांगते की निर्णय देताना न्यायाधीश असेसरांच्या मताने बांधलेला नाही. सर्व असेसर एकमुखाने ‘निर्दोष’ म्हणाले तरी न्यायाधीश फाशी सुनावू शकत होता. १९२३ च्या दुरुस्तीने असेसरांची संख्या वाढवून ती किमान तीन, शक्य तर चार केली, परंतु त्यांच्या मताचे वजन वाढवले नाही.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. होय, कामरगावच्या माणसाला विचारत होते. विचारून, लिहून घेऊन, बाजूला ठेवण्याची मुभाही ठेवत होते.

मुंबई आणि वऱ्हाड शेजारी ठेवून पाहिले की वसाहतीच्या न्यायव्यवस्थेचे एक रूप स्वच्छ दिसते. मुंबईच्या खास ज्यूरीतील बहुसंख्य सभासदांना मराठी येत नव्हती, आणि मराठी लेखांचा निकाल त्यांच्या हाती होता. वऱ्हाडातल्या असेसराला साक्षीदाराची बोली तिच्या खाचाखोचांसह येत होती, आणि त्याच्या हाती केवळ मत होते. एका ठिकाणी भाषेवाचून सत्ता, दुसऱ्या ठिकाणी सत्तेवाचून भाषा. हा कोणी एका बैठकीत रचलेला कट होता असे मी म्हणत नाही. विश्वास कोणावर किती ठेवायचा याचे जे मोजमाप राज्यकर्त्यांच्या मनात होते, ते या दोन ठिकाणी दोन रीतींनी उमटले, एवढेच.

मात्र असेसराला केवळ अन्यायाचा बळी म्हणून रंगवणेही खरे नव्हे. यादीत नाव कोणाचे येत असे? ती करणारे अधिकारी ज्यांना प्रतिष्ठित समजत त्यांचे. म्हणजे साधारणतः पाटील, देशमुख, सावकार, मोठे खातेदार. सालदार, रोजमजूर, गावकुसाबाहेरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात सहज पोचे. असेसराच्या खुर्चीपर्यंत पोचणे त्याला दुरापास्त होते. स्त्रीला तर कायद्यानेच वगळले होते. खटला स्त्रीच्या खुनाचा असो की तिच्यावरील अत्याचाराचा, तो ऐकून मत देणारे सारे पुरुष. ज्या स्थानिक ज्ञानाचे मी वर कौतुक केले त्याची दुसरी बाजू स्थानिक पूर्वग्रह ही असते. धुरा कोरणे म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याने स्वतःही कधी धुरा कोरलेला असू शकतो. सावकार मारला गेला आणि कूळ आरोपी असेल, तर सावकारांतूनच निवडलेल्या असेसराचे मत न्यायाधीशाने बाजूला ठेवणे हे त्या कुळाच्या दृष्टीने इष्टच ठरू शकत होते. त्यामुळे ‘न्याय लोकांच्या हाती द्या’ असे म्हणताना ‘कोणत्या लोकांच्या?’ हा प्रश्न तेव्हाही टाळता येत नव्हता आणि आजही येत नाही.

स्वातंत्र्यानंतर या दोन्ही पद्धतींचा हिशेब झाला. त्यात १९५६ हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९५५ च्या दुरुस्ती कायद्याने असेसरांची पद्धत रद्द केली आणि तो कायदा १ जानेवारी १९५६ पासून अमलात आला. जुलैमध्ये टिळकांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने मुंबई हायकोर्टात, जेथे तो खटला चालला त्या दालनाबाहेर, त्यांचे ते उद्गार कोरलेली शिला बसवली गेली. तिचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी केले. एका न्यायालयाने आपल्याच निकालाला नाकारणारे शब्द आपल्याच भिंतीवर लावावेत, ही जगाच्या न्यायेतिहासात सहज न आढळणारी गोष्ट आहे. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला; नागपूरच्या हायकोर्टाच्या जागी मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ आले. म्हणजे कामरगाव मुंबईच्या न्यायकक्षेत आले ते असेसराची खुर्ची उचलून नेल्यावर दहा महिन्यांनी. ज्यूरीसाठी त्या हायकोर्टाची ख्याती होती, पण ती ज्यूरीही आता फार दिवसांची सोबती नव्हती.

१९५८ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली. पुढच्या वर्षी नानावटी खटला आला. २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांचा गोळ्या लागून मृत्यू झाला. सेशन्स कोर्टातील ज्यूरीने ऑक्टोबरमध्ये आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. संहितेच्या ३०७ व्या कलमाने सेशन्स जज्जाला एक वाट ठेवली होती. ज्यूरीचा निर्णय न्यायाला धरून नाही अशी त्याची खात्री झाली तर तो प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकत असे. न्यायाधीश मेहता यांनी तेच केले. हायकोर्टाने १९६० मध्ये नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये तो निर्णय कायम केला. वृत्तपत्रांनी तापवलेल्या वातावरणात ज्यूरी वाहवली, असा बोध त्यातून घेतला गेला. हा भारतातील शेवटचा ज्यूरी-खटला होता, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. पश्चिम बंगालसारख्या राज्यांत ज्यूरी त्यानंतरही चालू होती. १९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तीत मात्र ज्यूरीला जागाच उरली नाही. पारशी विवाहाच्या खटल्यांत न्यायाधीशाबरोबर समाजाचे प्रतिनिधी बसतात, ती तेवढी तिची एक लहानशी खूण राहिली.

ज्यूरी गेल्याने काय गमावले, याविषयी शोकगीत गाण्याची माझी इच्छा नाही. निकालाची कारणे लिहून देणारा न्यायाधीश आणि कारण न देता ‘दोषी’ म्हणणारे नऊ जण यांत अपिलात जाणाऱ्या गरिबाला पहिलाच अधिक उपयोगी आहे, असे म्हणता येते. पण ज्यूरी नसलेल्या देशात सामान्य माणूस न्यायालयाशी कोणत्या नात्याने जोडला जातो, हे पाहिले पाहिजे. आज कामरगावच्या माणसाला न्यायाच्या कामासाठी बोलावणे येते ते साक्षीदार म्हणून, किंवा पंच म्हणून. पंच हा शब्द पाहा कसा झिजला आहे. गोतसभेतला पंच निवाडा करत असे. पोलिसांच्या पंचनाम्यावरचा पंच जप्तीच्या वेळी हजर होतो आणि सही करतो. झडतीच्या वेळी त्या भागातील दोन प्रतिष्ठित व निःपक्ष रहिवासी असावेत ही कायद्याची अपेक्षा, आणि आपण पंच म्हणून अडकू नये ही त्या रहिवाशांची अपेक्षा. वर्षानुवर्षांनी कोर्टात उभे राहावे लागेल, या भीतीने माणसे घराची मागची वाट धरतात. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. पण त्यांचे काम तंटा मिटवणे हे होते, गुन्ह्याचा न्याय करणे नव्हे. दुसरीकडे जातपंचायतींच्या पंचांनी बहिष्काराचे जे हत्यार चालवले, त्याला आवर घालण्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. एकाच शब्दाच्या पोटात इतक्या वेगवेगळ्या गोष्टी नांदत आहेत.

मित्राला हे सारे मी फोनवर सांगितले नाही. थोडक्यात एवढेच सांगितले की विचारत होते, पण ऐकायलाच हवे असे बंधन नव्हते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने त्या दिवसाची एक गोष्ट सांगितली, जी आधी सांगितली नव्हती. दालनात भरायला दिलेल्या कागदावर एक प्रश्न होता : तुम्हाला इंग्रजी समजते का? त्याने ‘होय’ लिहिले. पण दिवसभर बसून तो एकाच गोष्टीचा विचार करत होता. नाव पुकारले गेले असते, साक्षीदार त्यांच्या गल्लीतल्या बोलीत बोलला असता, तर त्यातला धुरा आपल्याला ऐकू आला असता का?

१९०८ च्या त्या सात जणांनी स्वतःला हा प्रश्न विचारला होता की नाही, हे कोणत्याही खटल्याच्या कागदांत सापडणार नाही. माझ्या मित्राने तो विचारला, नाव पुकारले जाण्याआधीच. पुढच्या वेळी त्याचे नाव यावे, असे मला वाटते.